हंड्यावरचं नाव

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बालाघाटाच्या कुशीत, बिंदुसरेच्या तलावाशेजारी पाली लागते. अशा गावात घरचा कर्ता गेला की मागे उरतं ते जमीन, विहिरीतला हिस्सा, बैल, तिफण, कुळव, जातं, पितळी भांडी. कागदावर चढतात ती पहिली दोन. तिफण चालवणाऱ्याकडे राहते, देव थोरल्याकडे. बैलजोडी तोडता येत नाही म्हणून तिची किंमत धरतात. हंड्याचा प्रश्न आधीच सुटलेला असतो, कारण लेकीला आंदण देतानाच त्याच्यावर ठोके मारून नाव घातलेलं असतं. बाईच्या मालकीचा घरातला लेखी पुरावा बऱ्याचदा एवढाच. मग मृत्युपत्र कशाला लागतं? वाटणीसाठी म्हणावं, तर न लिहिताही वाटणी ठरलेलीच आहे. मला वाटतं, शेतकरी घरात ते लिहिलं जातं मुख्यतः कुणाला तरी वगळण्यासाठी.

या कागदाचं वय पाहिलं तरी हे उमगतं. मिताक्षरा या जुन्या हिंदू कायद्याच्या परंपरेत मुलाचा हक्क जन्मानेच लागे. वडिलोपार्जित रान बापाला मृत्युपत्राने देता येतच नव्हतं. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याला एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा लिहून देण्याची मुभा दिली, आणि त्याच कायद्याने लेकीला वारसही केलं. एका हाताने दार उघडलं, दुसऱ्या हाताने कडी दिली. पुढे महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली लेकीलाही जन्मतः हक्क दिला. तो बापाच्या मृत्युपत्राने पुसता येत नाही. म्हणून आता सोबतीला लेकीच्या सहीचं हक्कसोड पत्र आलं.

यावर गावचं उत्तर तयार असतं: दोन-तीन एकर कोरडवाहूचे किती तुकडे करायचे? चिंता खोटी नाही. तुकडेबंदीचा कायदाही आहे. पण चार भावांत रान फाटतं तेव्हा ही चिंता एवढ्या मोठ्या आवाजात बोलत नाही, ती बहिणीच्या हिश्श्यापाशीच बोलते. दुसरं उत्तर अधिक हळवं: बहीण आपखुशीने सही करते. करतेही. पण नाही म्हटलं तर पंचमीला मूळ येईल का, भाऊबीजेला दार उघडेल का, हा हिशोब त्या खुशीत धरलेला असतो. माहेर तुटण्याच्या धाकाखालची संमती कायद्याला पुरत असेल. तिला दान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि आई? विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस. तरी असल्या मृत्युपत्रात तिची जागा शेवटी, एखाद्या कलमात असते: मुलांनी तिला हयातभर सांभाळावं. ज्या घरात ती हिस्सेदार म्हणून यायची तिथे ती जबाबदारी म्हणून येते. विहीर, गोठा, आंब्याची झाडं यांच्याही खाली. तिच्या हंड्यावरचं नाव मात्र अजून वाचता येतं, चिंचेने घासून घासून थोडं पुसट झालेलं.