कानातले रातकिडे



उन्हाळा आला की आपल्याकडे लॉन, बार्बेक्यू आणि हरणांनी खाल्लेली टोमॅटोची रोपं यांवर चर्चा रंगते. त्यात माझी थोडी वेगळी भर. विषय लाइम डिसीजचा आहे, पण खरं तर कानाचा आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये घरामागची झुडपं छाटायला मी हाफ पँटवर उतरलो. आमची हंटरडन काउंटी म्हणजे न्यू जर्सीतलं हरणांचं माहेरघर, आणि हरणं तिथे गोचीड. आठ-दहा दिवसांनी ताप आला, अंग मोडून आलं, गुडघे धरले. गुडघ्याच्या मागे तळहाताएवढा चट्टा होता. पुस्तकातल्या चित्रांत असतं तसं वर्तुळात वर्तुळ त्यात नव्हतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो लालभडकही दिसत नाही, त्यामुळे मी घामोळं समजून पावडर लावत बसलो होतो! गोचीड चावल्याचं तर कळलंही नव्हतं. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, कळणार कसं?

डॉक्टरीणबाईंनी चट्टा बघितला आणि लगेच औषध लिहून दिलं. सुरुवातीच्या दिवसांत रक्ततपासणी बरेचदा निगेटिव्ह येते, तिची वाट बघत बसायचं नाही म्हणाल्या. डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात फिरायचं नाही आणि गोळीच्या आसपास दूधदुभतं नाही. म्हणजे सकाळचा चहा दोन तास पुढे! लाइमपेक्षा मला हीच शिक्षा मोठी वाटली.

चौथ्या रात्री टीव्ही बंद केला आणि कुठेतरी बारीक 'किर्रर्र' ऐकू आलं. आधी फ्रिजवर संशय घेतला. मग तळघरात जाऊन पंप बघितला. राउटरची वायर काढली. बायको जिन्यात उभी राहून म्हणाली, "काय शोधतोयस रात्री दीड वाजता?" म्हटलं, "हा आवाज." ती म्हणाली, "कुठला आवाज?"

तेव्हा पोटात गोळा आला. कारण आमच्या घरात या आवाजाला इतिहास आहे.

१९६८ साली सांगलीत माझ्या वडिलांना, अण्णांना, टीबी झाला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली, महिनोन् महिने. फुप्फुस वाचलं, कान गेले. पूर्ण नाही, पण पुढे नोकरीत बढती नाकारली ती त्यामुळेच, कारण वरच्या जागेवर फोन घ्यावा लागायचा. गंमत बघा, हे औषध सापडलं ते १९४३ साली, माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर रटगर्समध्ये, वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झच्या हातून. लाखो लोकांना त्याने जगवलं, अण्णांनाही. पण त्या जातीची औषधं कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मारू शकतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आमच्या घरी 'अँटिबायोटिक' या शब्दाला तेव्हापासून एक भीती चिकटलेली आहे.

माझी अख्खी नोकरी कॉन्फरन्स कॉलवर चालते. पाचव्या दिवशी सकाळी मी गोळी हातात घेतली आणि पुन्हा बाटलीत टाकली. संध्याकाळचीही टाकली. कुणाला सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी बायकोने बाटलीतल्या गोळ्या मोजल्या (ती अकाउंटंट आहे, तिच्यापुढे हिशोब लपत नाही) आणि स्वतः फोन लावून माझ्या हातात दिला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी प्रश्न विचारले. डोकं दुखतंय का? नजर अंधुक होते का, एकाचे दोन दिसतात का? आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का? या औषधाने क्वचित डोक्यातला दाब वाढतो, त्याच्या या खुणा. माझ्या बाबतीत त्यातलं काही नव्हतं. मग विचारलं, "दुखण्यासाठी आणखी काय घेताय?" मी ओशाळून सांगितलं, आयबुप्रोफेन, दर चार तासांनी, घड्याळ लावून. "मग त्याने कान वाजू शकतात, ते आधी थांबवा," म्हणाल्या. त्याऐवजी टायलेनॉल, तेही मापात. डॉक्सिसायक्लिन हे स्ट्रेप्टोमायसिनच्या घराण्यातलं नाही, आणि लाइम अर्धवट सोडलं तर सांधे, चेहऱ्याची नस, हृदय कशावरही येऊ शकतं, हेही समजावलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या आठवड्यात कानाची तपासणी झाली. उंच पट्टीतले आवाज थोडे कमी ऐकू येतात, पण ते वयाचं. पन्नाशी उलटली, चालायचंच!

पण तपासणी चांगली आली म्हणून रात्र काही सोपी झाली नाही. शेवटी रविवारी सांगलीला फोन लावला. अण्णांशी बोलायचं म्हणजे आई मध्ये दुभाषी, आणि दोन्हीकडे आरडाओरडा. मी सांगितलं, अण्णा, माझे कान वाजतात. पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी विचारलं, "किर्र आहे की शिट्टी?"

"किर्र."

"माझी शिट्टी. किर्र बरं."

पन्नासहून जास्त वर्षं त्यांच्या कानात शिट्टी वाजतेय आणि आम्हा मुलांना हे माहीतच नव्हतं. ऐकू कमी येतं एवढंच माहीत होतं. मी म्हटलं, "कधी बोलला नाहीत?" तर म्हणतात, "सांगून काय, तुम्हाला ऐकू येणार होतं का? पंखा लाव आणि झोप. त्याच्याकडे कान लावून बसू नकोस, मग तो जास्त बोलतो."

पंखा! आमच्या घरी टेबलफॅन बाराही महिने चालायचा. जानेवारीतसुद्धा. आई गोधडीतून कुरकुरायची, आम्ही भावंडं हसायचो, वीजबिलावरून एकदा मी त्यांना टाकूनही बोललो होतो. आज वाटतं, तो माणूस फक्त झोपायची सोय करत होता.

कानाच्या तज्ज्ञांनीही दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आवाजाचं बटण वर करतो, आणि घाबरलो की तो त्या आवाजावर पहारा बसवतो. म्हणून पूर्ण शांतता टाळायची. पावसाचा, पंख्याचा, हलक्या रेडिओचा आवाज शेजारी ठेवायचा. किर्र बुडेल इतका मोठा नाही, तिच्या बरोबरीने चालेल इतकाच. हळूहळू मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो. मला सात-आठ आठवडे लागले.

चौदा दिवस पुरे झाले, ताप आणि सांधे बरे झाले. कुणी सुचवलं की महिनोन् महिने अँटिबायोटिक चालू ठेव. मी ठेवलं नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, उपचारानंतरही त्रास राहिलेल्या रुग्णांना ९० दिवस औषध देऊनही फायदा दिसला नव्हता. किर्र अजून आहे, पण अगदी बारीक; हे लिहिताना आठवण काढली म्हणून ऐकू आली.

तेव्हा मंडळी, बागेत उतरताना मोजे आणि लांब पँट, आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, पोरांच्या केसांत बघणं. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. कान वाजले तर औषध आपल्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, आणि वेदनाशामक गोळ्यांचा हिशोबही खरा सांगा.

आणि तिकडे घरी कुणी म्हातारं माणूस थंडीत पंखा लावत असेल, तर एकदा कारण विचारा.

कळावे, लोभ असावा.