पावतीची वर्गणी, नावाविना कोटी

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती पाहायची असेल तर निवडणुकीचा पैसा पाहावा. मतदान केंद्रावर मालकाचे आणि मजुराचे मत सारखेच. पण पक्षाच्या तिजोरीजवळ तसे नाही.

आम्ही कारकुनी करणारे, त्यामुळे विहाराच्या जयंती वर्गणीचा हिशेब आमच्याकडेच असतो. दहा रुपयांचीही पावती फाटते, नाव फळ्यावर लागते. धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनी ते नाव अभिमानाने वाचतात. मग पक्षांना मिळणाऱ्या पैशांचे काय?

उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख ठरली. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मात्र मर्यादाच नाही. वर्षात २०,००० रुपयांहून जास्त देणाऱ्याचे नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायचे. त्याखालची नावे झाकलेलीच.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कंपन्यांच्या देणग्यांनी लोकशाहीचा गळा आवळला जाईल, असे १९५७ सालीच बजावले होते. पुढे कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच द्यावे, अशी अट आली. २०१७ साली रोख देणगी २,००० रुपयांवर आणली, हे चांगले झाले. पण त्याच वर्षी कंपन्यांवरची अट काढून टाकली. २०१८ साली निवडणूक रोखे आले. एक कोटीचा रोखा घेणाऱ्याचे नाव मतदाराला कळायचे नाही! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे रोखे रद्द केले आणि कंपन्यांची ती मोकळीकही घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणणे मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. बाबासाहेबांची घटनाच इथे गरिबाच्या कामी आली.

बंधुभगिनींनो, हक्क वापरला नाही तर गंजतो. निवडणूक जवळ आली की उमेदवार वस्तीत येतात, मंडप देतात, वाद्यांचा खर्च उचलतात. आपली पोरे खूश होतात. पण फुकटचा मंडप उतरला की पाच वर्षे गटाराचा प्रश्न विचारायला तोंड उरत नाही. म्हणून आमचे सांगणे आहे, आपला उत्सव आपल्याच वर्गणीतून होऊ द्या, थोडा साधा झाला तरी चालेल.

आणि आणखी एक काम आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी करावे. लोकसभा-विधानसभेच्या निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. एक रुपया फी भरून कोणीही तो पाहू शकतो. चार जणांनी मिळून जावे, हिशेब वाचावा आणि आपल्या वस्तीत झालेला खर्च त्यात आहे का, ते तपासावे. कोटी देणाऱ्याला जाब विचारायला आपल्याला कोटी लागत नाहीत. जयभीम!