हप्ता सुरू होण्यापूर्वीचा संवाद

मुला-मुलींच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज काढणे आता आपल्या कुटुंबांत नवलाचे राहिलेले नाही. कर्ज कसे मिळवावे, याची चर्चा घरोघरी होते. परंतु ते मिळाल्यानंतर देणारा आणि घेणारा यांचे नाते कसे असावे, याचा विचार क्वचितच होतो. एका बँकेच्या शाखेत मी अकरा वर्षे शैक्षणिक कर्जाचे काम पाहिले. त्या काळात उमगलेल्या काही गोष्टी वाचकांपुढे ठेवते.

घरासाठी वा वाहनासाठी कर्ज घेतले की हप्ता लवकरच सुरू होतो आणि दरमहा संबंध येत राहतो. शैक्षणिक कर्जात मात्र बँकांच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रमाचा संपूर्ण काळ आणि त्यानंतर एक वर्ष परतफेडीला सवलत असते. चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी ती पाच वर्षांची होते. एवढ्या काळात विद्यार्थ्याचे गाव, वसतिगृह, भ्रमणध्वनी क्रमांक, सारे बदलते. बँकेच्या दप्तरी प्रवेशाच्या दिवशीचाच पत्ता राहतो. मग पहिला हप्ता थकतो आणि पहिले पत्र जाते ते थकबाकीचे. ज्याच्याशी पाच वर्षांत कोणी बोलले नाही, त्याच्या कानी पहिला शब्द पडतो तो मागणीचा. अशाने नाते जुळावे कसे?

म्हणून मी एक साधी वही ठेवली होती. प्रत्येक कर्जदाराच्या नावापुढे महाविद्यालयाचे गाव, परीक्षेचा महिना आणि निकालाचा सुमार लिहिलेला असे. निकाल लागला की एक दूरध्वनी करायचा. “कसा लागला निकाल? पुढच्या वर्षाचे शुल्क केव्हा भरायचे आहे?” येणे काहीच नसताना दूरध्वनी कशाला, असे सहकारी विचारीत. येणे नाही म्हणूनच, असे माझे उत्तर असे. मागायचे काही नसताना केलेल्या विचारपुशीवर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

एका शेतकरी कुटुंबातील मुलगा तिसऱ्या वर्षी अनुत्तीर्ण झाला आणि त्याचे वर्ष गेले. त्याने दूरध्वनी घेणे बंद केले. वडील सहकर्जदार होते. त्यांनाही त्याने काही कळविले नव्हते. कर्जाचा उल्लेख न करता मी त्याच्या वसतिगृहात निरोप ठेवला. चौथ्या दिवशी त्याचा आवाज ऐकू आला. “मॅडम, आता बँक पैसे थांबवणार ना? मी शिक्षण सोडून कुठेतरी कामाला लागतो.” अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न झाल्यास दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद योजनेतच आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी त्याला गुणपत्रिका आणि अर्ज घेऊन बोलाविले, येताना वडिलांनाही आणण्यास सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, “नापास झाला त्याचं काही नाही. मला सांगितलं नाही, त्याचं वाईट वाटलं.” मुदतवाढ मंजूर झाली. मुलगा वर्षभर उशिरा का होईना, अभियंता झाला आणि पुढे नियमित हप्ते भरू लागला.

मात्र जिव्हाळ्याच्या बोलण्याला स्पष्ट हिशोबाची जोड हवी. समजा, दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख रुपये उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. सवलतीच्या काळात हप्ता नसला, तरी सरळ व्याज चालूच असते. हप्ते सुरू होईपर्यंत ते २ लाख १० हजारांवर जाते आणि दहा वर्षांच्या परतफेडीचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये बसतो. तेच व्याज शिक्षण चालू असताना भरत गेल्यास हप्ता सुमारे ७,९३० रुपयांवर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला १,२५० रुपये असते. कित्येक पालक हे ऐकून चकित होत आणि “आधी का नाही सांगितलं कुणी?” असे विचारीत. कर्ज मंजूर होते त्याच दिवशी हा हिशोब कागदावर मांडून कुटुंबाच्या हाती दिला पाहिजे.

नोकरी लागण्यास उशीर होतो, लागलेली सुटते. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि विद्यार्थ्याबरोबर सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या वा आईच्या पतनोंदीलाही डाग लागतो. हे नव्वद दिवस बोलण्याचे असतात. याच काळात अडचण लेखी कळविली, तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करता येते. बहुतेकजण लाजेने याच काळात तोंड लपवितात.

बिनव्याजी कर्जरूप मदत देणाऱ्या समाजाच्या शिक्षणनिधींनाही हे लागू पडते. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या जे. एन. टाटा एन्डॉवमेंटने परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्तीची प्रथा रुजविली. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि शास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे तिचे मानकरी. परत आलेल्या रुपयातून पुढच्या विद्यार्थ्याला मदत करता येते. हे घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी समजावले, तर परतफेड त्याला ओझे वाटत नाही.

विश्वस्तांनी प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक परिचित कार्यकर्ता नेमावा आणि त्याने वर्षातून दोनदा तरी विचारपूस करावी. पालकांनी कर्जाचा विषय मुलांपासून झाकून ठेवू नये. आणि तरुण मित्रांनो, क्रमांक बदलला, निकाल बिघडला, नोकरी सुटली, तर ज्यांनी तुमच्या शिक्षणावर विश्वास टाकला, त्यांना त्याच आठवड्यात कळवा.