हवेची जबानी

वर्धा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३४ मीटर उंचीवर वसले आहे, ही गोष्ट शाळेत भूगोलाच्या परीक्षेपुरती पाठ करून पुढे सर्वांनी विसरून जावी अशी असली, तरी टर्बोच्या मोटारी दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या कारागिराला ती रोज पहिल्या गाडीचे बॉनेट उघडताना स्मरावीच लागते. कारण इंजिनातील हवेचा दाब मोजणारा सेन्सर खरे बोलतो की खोटे, याची पहिली खातरजमा इंजिन चालवून नव्हे, तर ते बंद ठेवून, केवळ चावी फिरवून करावयाची असते. इंजिन निश्चल असता त्याच्याकडे हवा नेणाऱ्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, जी हवा असते ती बाहेरच्या आभाळाचीच. तेव्हा सेन्सरने त्या घडीला वर्ध्याच्या हवेचा दाब सांगावा, त्याहून अधिक नाही आणि उणाही नाही.

हा दाब किती, हे मात्र स्वतः ठरवावे लागते. पुस्तकात १०१ किलोपास्कल असा आकडा छापलेला असतो, तो समुद्रकिनाऱ्याचा. हवामान खात्याच्या वार्तापत्रातील आकडाही, निरनिराळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून, समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो. त्यातून आपल्या उंचीपोटी अडीच-पावणेतीन किलोपास्कल वजा घातले म्हणजे आपल्या अंगणातील खरा दाब हाती येतो. पौषातील कोरड्या सकाळी तो ९८-९९ भरतो, आणि ज्येष्ठात पाऊस तोंडाशी आला की ९७ च्या आसपास उतरतो. हाताखाली नवे पोरगे आले की स्कॅनरवर ९७ पाहून, पुस्तकाशी मेळ बसत नाही एवढ्याच सबबीवर, सेन्सर बाद ठरवते. त्याला मी आधी हा वजाबाकीचा हिशेब शिकवतो आणि पाना मागाहून हाती देतो.

तोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीत जे तोलले, तेच येथे नखाहून लहान अशा सिलिकॉनच्या पडद्यावर तोलले जाते. दाबाने पडदा किंचित वाकतो, त्यावरील रोध बदलतात, आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून साधारणतः अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यानचा इशारा ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे, रवाना होतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूच्या जोरावर इंजिनात हवा कोंबण्याची टर्बोची युक्ती आज साध्या डिझेल मोटारीतही असल्यामुळे, चढावर हा दाब २०० किलोपास्कलच्याही पुढे जातो.

आता या धंद्यातील मुख्य गैरसमज सांगावयाचा तो असा, की लोक साक्षीदारालाच आरोपी समजतात. पिवळा दिवा लागतो, गाडी पिकअप घेत नाही, कोणीतरी स्कॅनर लावून पी ०२९९ हा क्रमांक वाचतो, आणि ग्राहक नागपूरच्या बाजारातून आणलेला नवा सेन्सर खोक्यासह माझ्यापुढे रुजू करतो. वस्तुतः त्या क्रमांकाचा अर्थ इतकाच, की मागितलेल्यापेक्षा दाब कमी मिळाला. अशी तक्रार नोंदवणारा सेन्सर बहुधा सचोटीचा असतो, आणि चोरी अन्यत्र होत असते.

ती जागेवर उभ्या गाडीत सापडत नाही, कारण डिझेल इंजिन नुसते चालू ठेवले असता मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो. गाडीवर भार पडला पाहिजे. ग्राहक कारंजा-तळेगावकडचा असला तर मी त्याच्या शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन बसतो आणि सत्याग्रही घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावयास सांगतो. मागणी २१० ची आणि प्राप्ती १४० ची, असे दोन आकडे शेजारीशेजारी दिसले म्हणजे पुढचा शोध टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी होसवर हात फिरवून चालतो. होस खालच्या अंगाने, क्लॅम्पच्या लगत फाटतो; ती चीर थंड इंजिनात मिटलेली असते आणि दाब चढल्यावरच उघडते. परंतु टर्बोतून हवेबरोबर तेलाचा सूक्ष्म अंश येत असल्याने तेथे काळसर चिकट डाग पडतो, आणि हिंगणघाटच्या जिनिंगच्या हंगामात तर त्या डागावर रुईचे तंतू चिकटून इतके पांढरे केस उगवतात, की अंधारात बोटालाही चोर सापडावा.

कधी सेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते. मग तो उभ्या गाडीत बरोबर बोलतो, पण दाब चढताना मागे रेंगाळतो. ती काजळी काही लोक दाभणाने खरवडतात आणि पडदाच फोडून ठेवतात. या शौर्याचे मला कौतुक नाही.

खोटी जबानी मुळीच नसते असे नव्हे. हिंगणघाटच्या एका गृहस्थांची गाडी पी ०२३६ हा खुद्द सेन्सरच्या जबानीवर संशय घेणारा क्रमांक घेऊन आली, तीत दोन सेन्सर आधीच बदलून झाले होते. चावी फिरवताच ईसीयूच्या पोटातील, बाहेरची हवा मोजणारा दुसरा सेन्सर ९७ सांगत होता आणि मॅनिफोल्डमधला १०४. जुना बसवून पाहिला तरी १०४. दोन इसम एकच खोटे शब्दशः बोलू लागले की कोणी तरी पढवले आहे असे समजावे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे सेन्सरच्या अर्थिंगच्या वायरला लावले, तेव्हा जेथे नाममात्र व्होल्ट दिसावयाचे तेथे ०.२ दिसले. कप्लर उघडला तर एका पिनेवर हिरवट गंज चढलेला. अशा बिघाडात दाब वाढत जातो तसतशी चूक आकसत जाते. म्हणूनच रस्त्यावर गाडी पळवून तपासणाऱ्यांच्या ती नजरेस आली नव्हती. पिन घासली, ९७ ला ९७ मिळाले.

बिलाचा प्रश्न अशाच वेळी अवघड होतो. नवा भाग टाकला की खोके दाखवता येते. येथे दाखवावयास चिमूटभर हिरवी भुकटी होती. बिलावर हवेच्या दाबाची तपासणी असे वाचून ते गृहस्थ म्हणाले, “काहून भाऊ, हवा तं पंपावर फुकट भरून देतेत!” पैसे मात्र त्यांनी पुरते मोजले, आणि आधीच्या खरेदीतला जास्तीचा सेन्सर मी घेतो काय, असे विचारले. इलेक्ट्रिकचा माल परत घेण्याची रीत बाजारात नाही. मी तो निम्म्या किमतीत ठेवून घेतला. पारखलेला एक सेन्सर ड्रॉवरमध्ये असलेला बरा.