खोडलेल्या रेघांचा अभ्यास

मी वास्तुविशारद आहे, पण माझ्या नावावर एकही इमारत नाही. बी.आर्क. झाल्यावर बरोबरीची मंडळी साइटवर गेली, मी संशोधनाकडे वळले. माणूस नकाशा काढताना विचार कसा करतो आणि त्यातलं संगणकाला कितपत सांगता येतं, यातच माझी सगळी नोकरी गेली. आत्याला हे समजावून सांगता सांगता मी थकले. शेवटी ‘कॉलेजात शिकवते’ एवढ्यावर आमचं मिटलं.

सुरुवातीलाच हाती आलं ते ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचं १९६४ चं ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’. त्यातलं मुख्य उदाहरण भारतातल्या एका खेड्याचं निघालं. पाणी, गुरं, जात धरून गावाच्या १४१ गरजा मांडायच्या, कोणती कोणाशी अडते ते ठरवायचं आणि संगणकाकडून त्यांचे गट पाडून घ्यायचे. मी भारावून गेले. मग १९७१ च्या आवृत्तीची प्रस्तावना वाचली. डिझाइनच्या पद्धतींना स्वतंत्र शास्त्र मानायलाच तिथे अलेक्झांडर नकार देतात. ज्याने वाट पाडली तोच ती सोडून गेला, हे कळूनही मी त्याच वाटेने निघाले.

माझं बरंचसं काम प्रोटोकॉल अभ्यासाचं. आर्किटेक्टला प्लॉट आणि गरजांची यादी द्यायची, काढता काढता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं, सगळं रेकॉर्ड करायचं. मग एकेका वाक्यावर खूण करायची: हा प्रश्नाचा विचार, हा उत्तराचा, ही तपासणी. तासाभराच्या बोलण्यामागे दिवसच्या दिवस जातात. पण त्यातून दिसतं ते असं, की मुरलेला आर्किटेक्ट प्रश्न पुरता समजेपर्यंत थांबत नाही. ‘चौक मधे धरू’ म्हणत तो रेघ ओढतो, आणि ती कुठे अडते त्यावरून त्याला प्रश्न कळत जातो. ब्रायन लॉसन यांच्या रंगीत ठोकळ्यांच्या प्रयोगात विज्ञानाचे विद्यार्थी आधी नियम हुडकत, वास्तुकलेचे विद्यार्थी मात्र एकामागून एक उत्तर मांडून बघत. नवख्या मुलांमध्ये हा फरक तितका दिसला नाही. म्हणजे ही खोड शिक्षणानेच लागते.

दुसरं काम आकारांच्या व्याकरणाचं. जॉर्ज स्टायनी आणि विल्यम मिचेल यांनी १९७८ मध्ये इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओच्या व्हिलांचे नकाशे ज्यातून निघतील असे नियम लिहिले. तोच प्रयत्न मी जुन्या वाड्यांवर केला: आधी चौक, भोवती सोपे, मग माजघर, स्वयंपाकघर, परसू. प्रोग्रामने नकाशांची रास ओतली. वाड्यात जन्म गेलेल्या एका आजींना ते कागद दाखवले. त्यांनी चाळले आणि अर्धे बाजूला सारले. “अगं, देवडीतून आलेला माणूस थेट स्वयंपाकघरात? आणि बायकांनी परसात जायचं कुठून?” भिंती, खण, चौकाची मापं मी नियमांत बसवली होती, पण कोणी कोणाच्या नजरेला पडायचं नाही, हा नियम कुठल्याच नकाशावर काढलेला नव्हता. तो लिहिल्यावर नकाशे थोडे उरले, पण ते आजींना वाड्यांसारखे वाटले. संगणकाची खरी मदत मला तेव्हा उमगली. न बोलता पाळलेले नियम तो आपल्याला बोलून दाखवायला लावतो.

आता विद्यार्थी एआयकडून रात्रीत ढीगभर देखणी चित्रं करून आणतात. त्याला माझी हरकत नाही. चित्र कोणी काढलं यापेक्षा, त्यातलं एक का ठेवलं आणि बाकीची का टाकली, हे ज्याला सांगता येतं त्याने डिझाइन केलं, असं मी मानते. आपल्या ज्युरीत मात्र अजूनही शेवटच्या गुळगुळीत शीटलाच गुण मिळतात. शिकवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे: पुढच्या सत्रापासून टाकून दिलेले पर्याय, कारणांसकट, मागा आणि त्यांना गुण द्या.