नाचणीच्या शेतांतून नंदी डोंगरापर्यंत

बंगळूर म्हटले की संगणक, वाहतुकीची कोंडी आणि उंच इमारती आठवतात. पण याच शहराच्या उत्तरेला तलाव, गवताळ माळ आणि खडकाळ डोंगर यांच्यामधून जाणाऱ्या जुन्या गाडीवाटा आहेत. जाड टायरच्या सायकलींनी त्यांना नवे प्रवासी मिळवून दिले आहेत.

पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. यशवंतपूर स्थानकात हुबळीकडून आलेली रात्रीची गाडी रिकामी होत असते. बाजार समितीच्या यार्डाकडे कांद्याचे ट्रक वळत असतात. त्यातला बराचसा कांदा महाराष्ट्रातूनच आलेला असतो. चहाच्या टपरीवर वाफाळती कॉफी मिळते आणि त्याच टपरीपाशी डोक्याला शिरस्त्राण, पाठीला पाण्याची पिशवी अशा वेशातली चार-सहा मंडळी सायकलींच्या टायरमधली हवा चाचपत उभी असतात. ती हवा ते भरत नाहीत, चक्क थोडी कमी करतात! पाहणाऱ्याला नवल वाटते. पण आजचा रस्ता डांबरी नाही, खडीचा आणि मुरमाचा आहे. खडबडीत वाटेवर थोडे मऊ टायर जमीन घट्ट धरतात आणि हादरेही कमी देतात.

या प्रकाराला ‘ग्रॅव्हल बायकिंग’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखीच, खाली वळलेल्या हँडलची. मात्र टायर रुंद, साधारण चार-साडेचार सेंटिमीटरचे, चढासाठी हलके गिअर आणि चिखलातही चालणारे डिस्क ब्रेक. इंग्लंडच्या डोंगराळ भागात हा छंद फार लोकप्रिय आहे. तिथे घोडेस्वारांसाठी राखलेल्या जुन्या वाटांवरून सायकल नेण्याचा हक्क १९६८ च्या कायद्याने लोकांना मिळाला. दक्षिण इंग्लंडमधली ‘साउथ डाउन्स वे’ ही सुमारे १६० किलोमीटरची वाट तर टेकड्यांच्या माथ्यावरूनच जाते. आपल्याकडे असे फलक लावलेले मार्ग नाहीत. पण वाटा आहेतच. आपण ज्याला पाणंद म्हणतो, तिलाच कर्नाटकातला शेतकरी ‘बंडी दारी’, म्हणजे गाडीवाट म्हणतो.

पहिला टप्पा : हेसरघट्टा

यशवंतपूरहून तुमकूर रस्त्याने निघून दासरहळ्ळीपाशी उजवीकडे वळले की हेसरघट्ट्याचा रस्ता लागतो. सुरुवातीचे दहा-बारा किलोमीटर शहर पाठ सोडत नाही. चिक्कबाणावर ओलांडल्यावर मात्र घरे विरळ होतात आणि वीसेक किलोमीटरवर तलावाचा लांबलचक बांध दिसू लागतो.

अर्कावती नदीवरचा हा तलाव १८९४ चा. बंगळूरला नळाने पाणी पहिल्यांदा मिळाले ते इथूनच. पुढे शहर वाढले, पाणी कावेरीहून येऊ लागले आणि हेसरघट्टा मागे पडला. तलावालगतचा गवताळ माळ बाहेरून ओसाड वाटतो, पण हिवाळ्यात इथे दूरदेशीचे शिकारी पक्षी उतरतात. या माळावर चित्रनगरी उभारण्याचाही विचार एकेकाळी झाला होता. पक्षिप्रेमींनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळाने संरक्षणाचा प्रस्ताव फेटाळला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच मंडळाने त्याला मंजुरी दिली. सायकलस्वारांनी इथे एक पथ्य पाळायला हवे. मळलेली वाट सोडून गवतात सायकल घालू नये. जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्याच गवतात असतात.

दुसरा टप्पा : दोड्डबळ्ळापूर आणि घाटी

हेसरघट्ट्यापासून दोड्डबळ्ळापूरपर्यंत जाताना शेतांमधल्या वाटा खऱ्या अर्थाने भेटतात. दोन्हीकडे नाचणी, मध्येच तुरीच्या ओळी, निलगिरीची बने आणि द्राक्षाचे मांडव. नाशिकची द्राक्षे खाल्लेल्याला इथली काळपट ‘बेंगळूर ब्ल्यू’ जरा वेगळी लागतात. साल जाड, वास मात्र घमघमीत. सुगीच्या दिवसांत शेतकरी नाचणीची कणसे आणि कुळीथ सरळ रस्त्यावरच पसरतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांनी मळणी आपोआप होते. मोटारीला त्याचे काही वाटत नाही, सायकल मात्र घसरते. अशा वेळी उतरून कडेने चालत जावे. धान्यही वाचते आणि गुडघेही!

दोड्डबळ्ळापूर हे यंत्रमागांचे गाव. गल्लीतून जाताना खटखट आवाज ऐकला की इचलकरंजीची आठवण येते. इथे पोटभर इडली खाऊन घ्यावी, कारण पुढे डोंगर सुरू होतात. माकळीदुर्गाचा खडकाळ किल्ला डावीकडे दिसतो आणि त्याच परिसरात घाटी सुब्रमण्याचे देवस्थान आहे. इथली मूर्ती पाहण्यासारखी. सुब्रमण्याचे मुख पूर्वेला, तर त्याच पाषाणातल्या नरसिंहाचे पश्चिमेला. भक्तांना दोघांचेही दर्शन घडावे म्हणून गाभाऱ्यात मागे आरसा लावलेला आहे. हिवाळ्यात इथे गुरांचा मोठा बाजार भरतो आणि आसपासच्या वाटांवर सायकलींपेक्षा बैलांचीच वर्दळ असते. अर्थात, या वाटांवर पहिला मान बैलांचाच!

तिसरा टप्पा : नंदी

बैलाच्याच नावाचा डोंगर पुढे उभा असतो. नंदी डोंगराची उंची १४७८ मीटर. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे प्राचीन देऊळ आहे, त्याची सुरुवात नवव्या शतकातली. तिथल्या पायऱ्यांच्या पुष्करणीपाशी बसून दम खावा आणि मगच चढ घ्यावा. सात-आठ किलोमीटरचा हा घाट डांबरी आहे, पण वळणे इतकी की भल्याभल्यांना उतरून सायकल ढकलावी लागते. त्यात लाज कसली?

माथ्यावर टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल, योगनंदीश्वराचे देऊळ आणि कड्याचे टोक आहे. १७९१ मध्ये इंग्रजांनी हा गड जिंकला आणि पुढे त्यांच्या साहेबांनी इथे थंड हवेसाठी बंगले बांधले. १९८६ मध्ये सार्क परिषदेसाठी बंगळूरला आलेले दक्षिण आशियाचे नेतेही इथे येऊन गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये दरड कोसळून हा घाट काही महिने बंद होता. त्यामुळे पावसाळ्यात चौकशी करूनच निघावे.

मराठी वाचकाने जवळच्या मुद्देनहळ्ळीलाही जरूर जावे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे हे जन्मगाव. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या या अभियंत्याने आपले स्वयंचलित दरवाजे प्रथम बसवले ते १९०३ मध्ये, आपल्या खडकवासल्याच्या धरणावर! या मुलखाशी आपले नाते त्याहूनही जुने आहे. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते.

वाट राहील का?

या सफरीला एक हुरहूर लावणारी बाजू आहे. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला आणि या भागातल्या जमिनीचे भाव बदलले. दोड्डबळ्ळापूरजवळून राजधानीला वळसा घालणारा महामार्गही झाला. कालपर्यंत जिथे बैलगाडी जात होती तिथे आज प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात, कुठे तारेचे कुंपण वाटेत आडवे येते. गावाच्या नकाशावर गाडीवाट असते, जमिनीवर नसते.

यात सायकलस्वाराचा फक्त रविवार बिघडतो. तो दुसरी वाट शोधतो. पण ज्या शेतकऱ्याचे शेत त्या वाटेच्या टोकाला आहे, त्याने खत कसे न्यायचे? पीक कसे आणायचे? आपल्याकडे पाणंदीवरून भावकीत होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वापरात असलेली वाट सहसा कोणी गिळत नाही. विस्मरणात गेलेली वाट मात्र एका नांगरटीत संपते. म्हणूनच शहरातली माणसे अशा वाटांवरून वरचेवर गेली, गावकऱ्यांशी बोलली, तिथल्या टपरीवर चार पैसे खर्च करून आली, तर ती नुसती हौस राहत नाही.

जायचे असेल तर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हेसरघट्टा, दोड्डबळ्ळापूर, घाटी असे फिरत नंदीपर्यंत जायला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर होतात. सवय नसेल तर दोन दिवसांत करावे. मुले बरोबर असतील तर हेसरघट्ट्यापर्यंतच जाऊन परत यावे, तेवढ्यानेही मन भरते. महागडी सायकल नसली तरी बिघडत नाही, जाड टायरची साधी गिअरची सायकल सुरुवातीला पुरे. शिरस्त्राण, पंक्चरचे सामान, जादा ट्यूब, दोन बाटल्या पाणी आणि गूळ-शेंगदाणे सोबत हवेतच. नंदीचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत, थांबत थांबत उतरावे. एकटीने वा एकट्याने जाण्यापेक्षा तिघे-चौघे बरे.

आणि कानडीतले दोन शब्द पाठ करून ठेवावेत : ‘दारी यावुदु?’ म्हणजे वाट कोणती? नाचणीच्या शेतातली एखादी आजी हातातला विळा थांबवून दिशा दाखवील. तिने दाखवलेली वाट बहुधा नकाशात नसते, पण ती बरोबर पोहोचवते.