ओटीवरची शेवटची खुंटी

आमच्या झाडगावच्या घरात ओटीवर ओळीने पाच खुंट्या होत्या. पहिलीवर आजोबांची टोपी, दुसरीवर छत्र्या, मग अण्णांची कापडी पिशवी, मग आल्यागेल्यासाठी मोकळी सोडलेली एक, आणि दाराला लागून शेवटची आत्याच्या पर्सची. पर्स माजघराचा उंबरा ओलांडत नसे. "ते चामडं आत आणू नको गो," असं आजीने एकदा सांगितलं होतं, आणि आमच्या घरात आजीला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे. पैसे, एसटीचा पास आणि कुंकवाची डबी काढून घेऊन आत्या आत जाई. पर्स रात्रभर ओटीवर.

सख्खी-चुलत मिळून आम्ही सात भावंडं त्या घरात वाढलो. आता कोण मुंबईत, कोण पुण्यात, एक बंगळुरात. पण फोनवर दहा मिनिटं झाली की कुणीतरी त्या पर्सचा विषय काढतंच. धाकट्याला तिचा वास आठवतो, चुलतबहिणीला पितळी कळ मिटतानाचा 'टक्' असा आवाज, मला तिच्या कडा. हँडबॅग हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. हातात धरायची ती पर्स आणि खांद्याला लावायची तीही पर्सच.

आत्या पावसच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका होती. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या मे महिन्यात ती अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेली. साखरपा, आंबा घाट, मलकापूर अशी एसटी, आणि बरोबर आम्ही दोघी मोठ्या. दर्शन झाल्यावर चप्पल लाइनीत आजोबांसाठी कापशी वहाणा घेतल्या आणि तिथेच एका दुकानात दोन पर्स शेजारी शेजारी टांगलेल्या दिसल्या. एक चकचकीत, आरशासारखी. दुसरी मातकट तपकिरी, झाकणावर बोटभर लांबीचा फिका ओरखडा असलेली. आम्ही दोघींनी अर्थातच पहिलीला हात घातला. दुकानाच्या पायरीशी वहाणा शिवत बसलेले म्हातारे कारागीर मान वर न करता म्हणाले, "ताई, दुसरी बघा. त्यो वण हाय न्हवं, काटा लागल्याला जनावराला. असला वण पाडून पडत न्हाई."

मग त्यांनी दोन्ही पर्स मांडीवर घेऊन आत्याला अर्धा तास शिकवलं. अंगठा दाबायला लावला. तपकिरी कातड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरल्या आणि अंगठा उचलताच विरल्या. चकचकीत पर्सवर नुसता खळगा पडला. बोट ओलं करून एक थेंब टेकवला, तर तपकिरी कातडं तिथे काळवंडलं आणि आम्ही बोलत होतो तोवर पुन्हा होतं तसं झालं. चकचकीत पर्सवरून थेंब ओघळून गेला. तिच्यावर रंगाचा इतका जाड लेप होता की कातड्यापर्यंत पाणी पोचतच नव्हतं. शेवटी त्यांनी कड दाखवली. तपकिरी पर्सची कड कापलेली, घासून गुळगुळीत केलेली, आरपार एका रंगाची. चकचकीतची कड आत दुमडून शिवलेली. दुमडलेली कड म्हणजे खोट असं मुळीच नाही. पातळ, मऊ कातडं दुमडूनच शिवावं लागतं. पण उघडी कड काही लपवू शकत नाही, एवढं त्या दिवशी कळलं ते कायमचं.

वास घ्यायला सांगितला तेव्हा आत्या म्हणाली, "हा तर हिरड्याचा!" म्हातारबाबांना आनंद झाला. कोल्हापुरी वहाणेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. आपल्याकडे कातडं 'कमावतात', हा शब्द मला फार आवडतो. पैशासारखं, अंगासारखं, तेही कमवावंच लागतं. त्यांची रीत ऐकून आम्ही दोघी थक्क झालो. चुना लावून केस काढले, धुतलं, की कातडं शिवून त्याचीच मोठी पिशवी करायची, तिच्यात सालीचं पाणी आणि हिरडा भरायचा आणि ती उंच टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपून खाली भांड्यात ठिबकतं, ते पुन्हा वरून ओतायचं. असं दिवसचे दिवस. म्हणजे आत्याच्या खांद्यावर यायच्या आधी ते कातडं एकदा पिशवी होऊन टांगलं गेलेलं होतं.

ज्या अंशाने हिरडा जिभेला तुरट लागतो, तोच अंश कातड्याच्या तंतूंना धरून बसतो आणि मग ते सहज कुजत नाही. रत्नागिरीकरांना हे अनोळखी वाटू नये. नायलॉन येण्याआधी कोकणच्या किनाऱ्यावर सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, ती याच तुरटपणासाठी. पुढे २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. ती बातमी वाचून चुलतबहिणीचा पहिला फोन मला आला, आणि आम्ही त्या म्हातारबाबांबद्दलच बोललो.

पर्स ४५ रुपयांना पडली. आजीला हा आकडा बरेच दिवस सांगितला नव्हता.

त्याच सुमारास काकूला मुंबईहून रेक्झिनची पर्स आली, लालचुटुक. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या लेप दिलेल्या कापडाचं नाव. आपल्याकडे पुढे असं दिसेल त्या सगळ्याला रेक्झिन म्हणू लागले. काकूची पर्स फार सुंदर दिसायची आणि काकू ती फार जपायची. तिला माजघरात प्रवेश होता, कारण ते चामडं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात ती घडीवर तडकली आणि तडकीतून पांढरं कापड दिसू लागलं. काकू त्या जागेवर बोट ठेवून पर्स धरायची. ते बोट मला अजून दिसतं.

मधल्या काकांनी एकदा कलकत्त्याहून शांतिनिकेतनी पर्स आणली, ठसे उठवून रंगवलेली, मेंढीच्या मऊ कातड्याची. रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ यांनी श्रीनिकेतनात हे काम रुजवलं असं काकांनी सांगितलं होतं. पाहायला देखणी, पण पातळ. त्यात छत्री, डबा आणि साठ वह्या कोंबायच्या नसतात.

आत्या मात्र कोंबायची. म्हणून चौथ्या वर्षी पट्ट्याची एक बाजू उसवली आणि ती राम आळीच्या तोंडाशी बसणाऱ्या चर्मकार काकांकडे गेली. ते दर वर्षी मिरगाच्या आधी आमच्या घरीही येत, सगळ्यांच्या वहाणा एकदम शिवून देत. बसत पायरीवर. पोत्याचा तुकडा अंथरून आरी, रापी आणि मेण लावलेला दोरा मांडत. आम्ही मुलं भोवती. आत्याची पर्स हातात आली की ते आधी ती उलटी करून आतून चाचपत, मगच आरी उचलत.

कातड्याला दोन अंगं असतात, हे त्यांनी आम्हाला दाखवलं: एक केसांकडचं, एक मांसाकडचं. केसांकडची वीण घट्ट, खाली जावं तशी विसविशीत. जाड कातडं यंत्रावर आडवं चिरून त्याचे दोन-तीन थर काढतात. वरचा थर जसाच्या तसा वापरला, वण आणि रंध्रं दिसू दिली, तर ते सगळ्यांत टिकाऊ. तोच घासून, रंगवून, वर छाप मारला, तर दिसायला एकसारखं, टिकायला त्याहून कमी. खालच्या थरावर लेप देऊन वरच्यासारखं दाखवलं, तर घडीवर लेप सुटणार हे ठरलेलं. आणि एकाच जनावराचं कातडंसुद्धा सगळीकडे सारखं नसतं. पाठीचं घट्ट, पोटाचं सैल. "पट्टा पोटाचा काढला की लोंबतो," असं म्हणून त्यांनी आत्याच्या पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि मान डोलावली. तो पाठीचा होता. मग दोन सुया घेऊन, एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा ओढत त्यांनी तो शिवला. असा दोरा एका जागी तुटला तरी शेजारचा टाका सुटत नाही. यंत्राच्या शिवणीला ते जमत नाही.

त्यांच्यासाठी आमच्याकडे चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, ओटीच्या कोनाड्यात उपडा घातलेला. चहा झाला की ते तो स्वतः विसळून जागेवर ठेवत. १९३१ साली याच गावात भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सगळ्या जातींसाठी उघडलं. आजी लग्न होऊन रत्नागिरीत आली ती त्यानंतर, आणि त्या मंदिरात ती कीर्तनाला जाई. तरीही कप कोनाड्यात होता. आम्हा सात जणांपैकी एकानेही तो उचलून आत नेला नाही. लहान होतो हे खरं, पण सगळेच काही इतके लहान नव्हतो. याबद्दल आम्ही भावंडं आता बोलतो, तेव्हा बोलायला हवं होतं.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढात भिंती घामेजतात, मीठ पाझरतं, पुस्तकं फुगतात आणि कातड्यावर बुरा चढतो, आधी पांढरा, मग हिरवट. वर खारं वारं. लोखंडावर मुलामा दिलेल्या कळी एका पावसाळ्यात गंजतात, पितळ नुसतं हिरवं होतं आणि चिंचेने पुन्हा उजळतं. आत्याने कोल्हापुरात पितळी कळीची पर्स घेतली हा योगायोग नव्हता, तेवढं ती जाणून होती. पर्स प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायची नाही, आत रद्दी कोंबायची, ती ओली झाली की बदलायची, वर जुन्या धोतराचं फडकं. तेल लावायचं तर बोटाच्या टोकावर येईल एवढंच, कारण जास्तीचं तेल बुऱ्यालाच खाऊ घालतं.

एका आषाढात एसटी भाट्याच्या अलीकडेच अडकली आणि आत्या चालत, पूर्ण भिजून घरी आली. पर्समध्ये मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म होते. आतले कागद कडांना ओलावले होते, अक्षरं शाबूत होती. पण पर्स पाणी पिऊन जड झाली होती. चर्मकार काकांचं सांगणं आम्हाला पाठ होतं: उन्हात नको, विस्तवाशी नको, कातडं आखडून लाकूड होतं, वाऱ्यावर सुकवा. पण सुका वारा आणायचा कुठून? पाच दिवस झड लागली होती. घरात एकच कोरडी जागा, चुलीपासून लांब, वर वाशाशी बांधलेली दोरी, जिथे पापडांच्या आणि आमसुलांच्या पिशव्या टांगलेल्या असत. तिथे चामडं नेण्याचा प्रश्नच नव्हता. आत्या रोज रात्री ओटीवर बसून फडक्याने बुरा पुसायची, सकाळी तो पुन्हा आलेला असायचा.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही चहाला आत गेलो तेव्हा पर्स त्या दोरीला टांगलेली होती. आमसुलांच्या शेजारी, तोंड उघडं, आत कोरडी रद्दी. आजी चुलीपुढे पाठमोरी बसली होती. कुणी काही विचारलं नाही. आत्याने आपला चहा उचलला आणि नेहमी ओटीवर पिणारी ती त्या दिवशी तिथेच पाटावर बसून प्याली. चार दिवसांनी पर्स पुन्हा खुंटीवर गेली. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात ती आत येत राहिली. कप कोनाड्यातच राहिला, आजी गेली तोपर्यंत.

आत्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गेल्या गणपतीत आम्ही सातही जण झाडगावला जमलो होतो. पुण्याच्या पुतणीची दोन वर्षांची बॅग सोलत होती, झाकणावरून पापुद्रे गळून तिच्या ड्रेसला चिकटत होते. हे पीयू. कापडावर प्लास्टिकचा पातळ थर. दमट हवेत त्या थराची बांधणीच सुटत जाते, वापरली नाही आणि कपाटात जपून ठेवली तरी. तिने चांगले पैसे मोजले होते आणि विकणाऱ्याने ते लेदर म्हणूनच विकलं होतं. दुसऱ्या बॅगेवर 'जेन्युइन लेदर' असा शिक्का होता. तो शिक्का खोटा नव्हता, पण कातडं आहे एवढंच तो सांगतो, कुठला थर ते सांगत नाही. आम्ही तिला ती उलटी करून दाखवली, अंगठा दाबायला लावला, कड नखाने उचलून पाहायला सांगितली. आतून निळसर राखी कड म्हणजे क्रोमने कमावलेलं कातडं. आज जगातलं बहुतेक कातडं तसंच कमावतात, मऊ आणि झटपट होतं, आणि तेही वरच्या थराचं असेल तर बिनधास्त घ्यावं. सात जण एकदम शिकवत होतो, पोरगी हसत होती.

मग धाकट्याने कपाटातून आत्याची पर्स काढली. झाकणावरचा वण अजून तिथेच, फक्त भोवतालचं कातडं गडद झाल्याने जास्त उठून दिसणारा. पट्ट्यावर जिथे आत्याची मूठ असायची तेवढा भाग जवळजवळ काळा आणि मऊ झालेला. तिच्या थोडं पुढे चर्मकार काकांचे टाके. पुतणीने ते बोटाने मोजले. नऊ. एकही सैल झालेला नव्हता. तिने पर्स नाकाशी नेली, वास घेतला आणि विचारलं, "हा कसला वास?" आम्ही तिघं-चौघं एकदम म्हणालो, "हिरड्याचा."

"मी घेऊ?" तिने विचारलं. कुणी नाही म्हणणार नव्हतंच. आतून मोदकांसाठी हाक आली तशी तिने पर्स खांद्याला अडकवली आणि ओटीवरून उठून सरळ स्वयंपाकघरात गेली.